मुळांची सोबतीण

बुरशी म्हणजे पिकाची वैरीण, ही समजूत एकोणिसाव्या शतकांत विद्वानांचीहि होती. प्रशियाच्या सरकारास मात्र ट्रफल ही जमिनीखालीं वाढणारी मौल्यवान अळंबी मुद्दाम पिकवावयाची होती. तें काम आल्बर्ट फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे आलें. अळंबीची शेती कांहीं साधली नाहीं. पण निरोगी वृक्षांच्या मुळांवर त्यास बुरशीचें आवरण आढळलें. ती झाडास पाणी व क्षार पुरविते आणि झाड तिला पोसतें, असें त्यानें १८८५ सालीं प्रतिपादिलें व या जोडीस ‘मायकोरायझा’ हें नांव दिलें. पुष्कळांस तें पटलें नाहीं.

शेतांतील पिकांची बुरशी निराळी. ती मुळाच्या आंत शिरते. होळकरांच्या इंदुरांत १९२४ पासून १९३१ पर्यंत शेण व काडीकचरा यांचें खत करण्याची पद्धति बसविणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९४० च्या आपल्या ग्रंथांत तिला जमीन व पीक यांमधील जिवंत पूल ठरविलें. मुळें तिला पचवून पोषण मिळवितात, हें त्यांचें मत मात्र पुराव्याच्या पुढें धांवलें होतें. १९५० नंतर बार्बरा मॉस प्रभृतींच्या प्रयोगांनीं दिसून आलें कीं, ती मुख्यतः दूरचा स्फुरद ओढून आणते. स्फुरदाचें खत भरमसाट पडलें कीं पीकच तिला दारांत उभें करीत नाहीं. ज्वारीकांद्यांस ती हवी असते. मोहरी व कोबी यांस तिचें सोयरसुतक नाहीं.