दोन चाफे आणि वसईची रेती

वसईचा इतिहास म्हटला की आपण थेट किल्ल्यात शिरतो. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने पोर्तुगीजांशी केलेला तह, १७३९ मधील चिमाजीअप्पांचा विजय, मग चर्चच्या भग्न कमानी. या धाग्यात गोष्ट थोडी पायाखालची आहे. रेती, खडी आणि मुरूम यांत इथल्या माणसांनी काय लावले, आणि का?

बावखलाचे पाणी पोहोचते तिथे प्रश्नच नव्हता. राजेळी केळी, पानवेल, सोनचाफा. वसईच्या वाड्यांनी शतकानुशतके हेच पिकवले. सोनचाफा हा आपल्याच मुलखातला; त्याला ओलावा आणि कसदार माती हवी. त्याला खडीत लावून पाहा, दुसरा उन्हाळा तो बघणार नाही.

खडकाळ जागेवर लोकांनी दुसरा चाफा लावला. आपण ज्याला देवचाफा किंवा खुरचाफा म्हणतो, तो सोनचाफ्याचा दूरचाही नातलग नाही. त्याचे मूळ अमेरिका खंडातले. जाड फांद्यांत तो पाणी साठवतो, कोरड्या दिवसांत पाने टाकून देतो, आणि तोडलेली फांदी सावलीत सुकवून खोचली तरी रुजतो. चीक कडू, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत. देवळाचे अंगण असो वा ख्रिस्ती दफनभूमी, जिथे रोज पाणी घालायला कुणी नाही तिथे हाच चाफा उभा दिसतो. परका असूनही त्याला ‘देव’ हे विशेषण मिळाले, यातच त्याची निवड किती अचूक होती ते आले.

काजूची कथा अधिक नेमकी सांगता येते. मुंबई बेट त्या काळी वसईच्या अमलाखाली होते आणि ते गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, ख्रिस्तोबाल द अकोस्ताच्या ग्रंथात मात्र कोचीच्या बागांतला काजू आहे. ब्राझीलचे हे झाड पुढे कोकणच्या जांभ्यावर फोफावले. पोर्तुगीजांनी ते धूप थांबवण्यासाठी आणले, असे नेहमी सांगितले जाते. मला हे नंतरचे शहाणपण वाटते. फळासाठी आणलेले झाड मुरमाड डोंगरावर टिकले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला असावा.

आता समुद्रकाठ. इथली जुनी झाडे आपली आपण आलेली: आधारमुळांवर उभा केवडा, दिव्याला आणि होड्यांना तेल देणारी उंडी, आणि सर्वांपुढे मर्यादवेल. नाव पाहा! समुद्राने इथवरच यावे, अशी ही रेषा. पेरापेराला मुळे सोडत ती सुटी वाळू धरून ठेवते.

त्यामागे सुरूची लागवड आली. कारवारच्या किनाऱ्यावर ती १८६० च्या दशकात झाली. पुढे कोकणभर सुरूची बने उभी राहिली. अंदमान, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाचे हे झाड. मुळांवरच्या गाठींतील सूक्ष्मजीव हवेतला नत्र बांधतात, म्हणून निव्वळ वाळूतही ते झपाट्याने वाढते. जळण मिळाले, वाड्यांना खाऱ्या वाऱ्यापासून आडोसा मिळाला. वसईच्या एका किनाऱ्याचे तर नावच ‘सुरूची बाग’ पडले.

पण सुरूच्या गळालेल्या काड्यांचा थर इतका दाट बसतो की खाली दुसरे फारसे उगवत नाही. मर्यादवेलीला ऊन हवे. बनाखाली तिला जागा उरत नाही. सुरू वारा अडवतो, लाट नाही. पायथ्याची वाळू खचली की उभे झाड आडवे होते. आज अर्नाळा, कळंब, भुईगावच्या किनाऱ्यावर मुळे वर करून पडलेले सुरू पाहायला मिळतात. दोष एकट्या सुरूचा नाही. वाळूचा उपसा झाला, समुद्रही पुढे सरकला. तरीही निवड करताना आपण उंच झाडाकडे पाहिले आणि जमिनीसरशी सरपटणाऱ्या वेलीला तण समजलो, हे खरेच.

किनाऱ्यावर गेलात तर पडलेल्या ओंडक्यांच्या पुढे बघा. शेळीच्या खुरासारखे दुभंगलेले पान आणि जांभळे फूल दिसले, तर ती मर्यादवेल. तिचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत येते. लावायला कुणी लागत नाही, फक्त तुडवायला नको.