पडत्या काळातला जोडीदार

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. आजोबाची आठवण त्याला बहुधा परीक्षेच्या तोंडावरच येते. पण येते, हेही काही कमी नाही. म्हणाला, "आबा, अमेरिकेत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीनं निवडून येतात. मग आपल्याकडे राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती वेगवेगळे का?"

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. आपल्याकडे राष्ट्रपतीला खासदार आणि आमदार मिळून निवडतात, उपराष्ट्रपतीला फक्त संसदेचे सदस्य. दोन्ही निवडणुका वेगळ्या, म्हणून जोडी नाही. पण छत्तीस वर्षं खडू हातात धरलेल्या माणसाला दोन वाक्यांत थांबता येत नाही. फोनवर अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर मात्र मीच अस्वस्थ झालो. का, ते शेवटी सांगतो.

अमेरिकेतही जोडी पहिल्यापासून नव्हती, मंडळी. सुरुवातीला ज्याला सर्वांत जास्त मतं तो अध्यक्ष आणि दुसरा येईल तो उपाध्यक्ष, असा सरळ हिशोब होता. त्यामुळे १७९६ साली जॉन अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांचे प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष! सासू आणि सून एकाच चुलीवर. पुढे १८०० साली जेफरसन आणि बर या एकाच बाजूच्या दोघांना सारखीच, त्र्याहत्तर-त्र्याहत्तर मतं पडली आणि मोठाच घोळ झाला. शेवटी १८०४ च्या घटनादुरुस्तीनं दोन्ही पदांसाठी वेगळं मत द्यायची सोय केली. जोडी रूढ झाली ती त्यानंतर.

पुढच्या काळात पद्धत अशी पडली की आधी पक्षानं अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचा, मग त्यानं आपला जोडीदार सांगायचा. म्हणजे लग्न ठरल्याशिवाय पत्रिका छापायच्या नाहीत. पण कधी कधी मुलीकडून होकार यायच्या आतच कुणी पत्रिका छापून मोकळा होतो. १९७६ साली रोनाल्ड रेगन यांनी तेच केलं.

तेव्हा रिपब्लिकन पक्षात जेराल्ड फोर्ड हे राष्ट्राध्यक्षच पुन्हा उमेदवारी मागत होते आणि रेगन त्यांना आव्हान देत होते. प्राथमिक फेऱ्या संपल्या तेव्हा दोघांत थोडंच अंतर होतं, पण पारडं फोर्ड यांच्याकडे झुकलेलं. रेगन संपले, असं बोललं जाऊ लागलं. तेव्हा त्यांचे प्रचारप्रमुख जॉन सिअर्स यांनी एक डाव टाकला. २६ जुलै १९७६ रोजी, म्हणजे अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी, रेगन यांनी जोडीदार जाहीर करून टाकला: पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर रिचर्ड श्वाइकर. रेगन पक्के उजवे आणि श्वाइकर पक्षातल्या उदारमतवाद्यांपैकी. हिशोब असा की त्यांच्याबरोबर पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी येतील आणि तराजू फिरेल.

प्रतिनिधी आले नाहीत. उलट रेगन यांच्या जुन्या माणसांना धक्का बसला. ज्यांनी त्यांना तत्त्वाचा माणूस म्हणून डोक्यावर घेतलं होतं, ते विचारू लागले, हे काय केलंत? मिसिसिपीचे प्रतिनिधी रेगन यांच्याकडे येतील असं वाटत होतं, ते फोर्ड यांच्या बाजूला गेले. कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात सिअर्स यांनी आणखी एक खटपट केली. सगळ्याच इच्छुकांनी मतदानाआधी जोडीदाराचं नाव सांगितलं पाहिजे, असा नियम करायचा प्रस्ताव आणला. म्हणजे आपण उडी मारलीच आहे, तर समोरच्यालाही ओढायचं. तो प्रस्ताव १०६९ विरुद्ध ११८० असा पडला आणि उमेदवारीच्या मतदानात फोर्ड यांना ११८७, रेगन यांना १०७० मतं मिळाली.

न्यायानं सांगायचं तर त्या डावाचा उपयोग अगदीच झाला नाही असं नाही. संपली म्हटलेली लढत आणखी तीन आठवडे जिवंत राहिली. पण जिवंत राहणं वेगळं आणि जिंकणं वेगळं.

चाळीस वर्षांनी २०१६ साली टेड क्रूझ यांनी याच वाटेवर पाऊल टाकलं. ट्रम्प पुढे निघून गेले होते. २७ एप्रिलला क्रूझ यांनी कार्ली फिओरिना यांचं नाव उपाध्यक्षपदासाठी जाहीर केलं. ३ मे रोजी इंडियाना राज्यात क्रूझ हरले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. सहा दिवसांचा संसार! आणि गंमत बघा, ट्रम्प यांनी पुढे जोडीदार निवडला तो इंडियानाचाच गव्हर्नर, माइक पेन्स.

नातवाला एवढं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "आपल्याकडे असं होऊच शकत नाही ना?" मी म्हटलं, थांब. नावाची जोडी नसते, पण मतांची जोडी असते. आणि मी त्याला १९६९ मध्ये घेऊन गेलो.

तेव्हा मी परभणीला कॉलेजात होतो. आमचा हिंगोली भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. खोलीवर आम्ही चौघं. रेडिओ घरमालकांचा. बातम्यांच्या वेळी ते तो ओसरीवर आणून ठेवत आणि आम्ही भोवती बसत असू.

त्या वर्षी ३ मे रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळानं उमेदवार म्हणून नीलम संजीव रेड्डी यांना निवडलं. इंदिरा गांधींच्या मनात जगजीवनराम होते. त्या मंडळात आपल्या यशवंतराव चव्हाणांचं मतही रेड्डींच्याच बाजूनं पडलं होतं. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सही केली खरी, पण मन नव्हतं. १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. दुसऱ्या दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष उभे राहिले.

तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी पुढे केलेले. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा माणूस. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, आयसीएसला पहिला नंबर, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, मग देशाचा अर्थमंत्री. आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारा! मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा अर्थमंत्री पुन्हा कधी झाला नाही. आम्हा पोरांना वाटायचं, गुणांवर निवड असेल तर या माणसापुढे कुणी उभं तरी राहील का? पण राष्ट्रपतीची निवडणूक म्हणजे मॅट्रिकची परीक्षा नव्हे.

या निवडणुकीत मतदार नुसती एक खूण करत नाही, पसंतीचे क्रमांक लिहितो. पहिली पसंती, दुसरी पसंती, असं. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर खालच्या क्रमांकाचे उमेदवार बाद करत जातात आणि त्यांच्या मतपत्रिकेवर दुसरी पसंती ज्याची असेल त्याला ती मतं देतात. म्हणजे देशमुखांना मत देणाऱ्यानं दुसरा आकडा कुणापुढे लिहिला, याला सोन्याचं मोल आलं.

काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांना हे कळत होतं. इंदिराजींचा गट मनापासून बरोबर नाही, हेही दिसत होतं. ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांना भेटले: तुमचं पहिलं मत देशमुखांना द्या, पण दुसरं आमच्या रेड्डींना द्या. गणित म्हणून यात काही वावगं नव्हतं. पण हे बाहेर आलं आणि समोरच्या गटाला आयतं हत्यार मिळालं. जगजीवनराम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र लिहून जाब विचारला. ज्यांच्याविरुद्ध निवडणुका लढलो, त्यांच्याच दारात तुम्ही गेलात? आणि मग मागणी आली की सदस्यांना सदसद्विवेकबुद्धीनं मत देऊ द्या. आतल्या आवाजाला वाट मोकळी झाली ती अशी.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ला मोजणी. आकडे मी त्या वेळी वहीत लिहून घेतले होते. गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. म्हणजे पहिल्या मोजणीत कुणीच पार नाही. मग दुसरी पसंती मोजली गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. आजवरच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीवर निकाल लागला तो एवढाच.

आता वजाबाकी करून बघा (शिक्षकाची खोड, क्षमा असावी). दुसऱ्या पसंतीनं रेड्डींना जवळजवळ ब्याण्णव हजार मतं जास्त मिळाली आणि गिरींना साडेअठरा हजार. म्हणजे नव्या मित्रांनी शब्द बऱ्यापैकी पाळला होता! रेड्डी पडले ते स्वतःच्या घरातली पहिली मतं गेली म्हणून. बाहेरून पोती भरून आणली, पण घरच्या कणगीला भोक पडलेलं. ते भोक केवळ त्या भेटीमुळे पडलं असं कुणी म्हणणार नाही. भांडण मोठं होतं आणि जुनं होतं. पण त्या भेटीनं ते रुंद झालं, असं मला वाटतं. त्याच नोव्हेंबरात काँग्रेस फुटली.

त्या रात्री ओसरीवर आम्हाला देशमुखांचंच वाईट वाटलं. दोघांच्या झोंबाझोंबीत त्यांच्या मतांना किंमत आली, पण त्यांना नाही.

आता मी अस्वस्थ का झालो ते.

ही गोष्ट मी इथे कधी लिहिली नव्हती. घरच्यांनाही अर्धीच ठाऊक आहे. नोकरीत असताना आम्हा शिक्षकांच्या एका पतसंस्थेची निवडणूक मी लढवली होती. चेअरमनपदासाठी माझं नाव होतं. माझा एक मित्र, आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो, माझ्यासाठी दोन महिने शाळाशाळा फिरला. रविवारी सायकलवर, पावसात. व्हाइस चेअरमन तोच होणार हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळे धरून चालले होते. तोही.

आठ दिवस उरले आणि आकडे जुळेनात. तेव्हा कुणीतरी सुचवलं की दुसऱ्या गटातल्या अमक्याचं नाव व्हाइस चेअरमन म्हणून आत्ताच जाहीर करा, त्याच्यामागची चाळीस मतं येतील. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी जाहीर केलं. मित्राला ते हॉटेलात चहा पिताना तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

चाळीस मतं आली नाहीत. आमच्यातले काही जण मतदानाला फिरकलेच नाहीत. अकरा मतांनी पडलो.

मित्र भांडला नाही. संध्याकाळी घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मला आधी सांगितलं असतं, तर मीच नाव मागं घेतलं असतं." तोवर आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. त्या दिवसापासून मी त्याला गुरुजी आणि तुम्ही झालो.

नातवाला रेगनचं सांगताना "जुन्या माणसांना धक्का बसला" हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी क्षणभर थांबलो. त्याला वाटलं फोन कटला.

रेगन १९८० साली जिंकले. तेव्हा त्यांनी जोडीदार घेतला तो बुश यांना, म्हणजे ज्यांच्याशी लढले त्यांनाच; पण आधी घर राखलं, उमेदवारी मिळवली आणि मग नाव घेतलं. रेड्डीही १९७७ मध्ये राष्ट्रपती झाले, आणि बिनविरोध. राजकारणात दुसरी संधी मिळते. परक्याला जोडीला घेण्यात चूक नाही, लवकर घेण्यातही नसेल. बातमी आधी कुणाला सांगितली, एवढाच काय तो प्रश्न.

माझा मित्र सेनगावातच असतो. त्याचे गुडघे गेलेत, माझे डोळे. मोबाइलवर हे वाचेल की नाही माहीत नाही. म्हणून काल संध्याकाळी जाऊन आलो आणि इथे लिहायच्या आधी हे सगळं त्याला सांगितलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "अकरा नव्हे, तेरा मतांनी पडलास."

'पडलास' म्हणाला. आकड्यावर मी वाद घातला नाही.