राजी असल्याचा कागद

मीरा-भाईंदर विधानसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेतून जन्मला. 2009, 2014, 2019 आणि 2024 अशा चार निवडणुका इथे झाल्या, चारही मुदत सरल्यावरच्या. आमदाराने राजीनामा दिला म्हणून पोटनिवडणूक लागली, असे इथे घडलेले नाही. पण इमारतींच्या आधी इथे शेते आणि मिठागरे होती, आणि ‘राजीनामा’ व पोटनिवडणुकीतला ‘पोट’ हे दोन्ही शब्द तशाच जमिनीच्या दप्तरात रुळलेले आहेत.

राजीनामा फारसीतून आला. राजी असल्याचा कागद, एवढाच त्याचा अर्थ. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे तडजोड. पद सोडणे म्हणजे इस्तीफा. मराठीत अर्थ वळला तो, माझ्या मते, महसुलामुळे. मुंबई इलाख्यात रयतवारी होती. सारा झेपेना, तेव्हा रयत जमीन सोडत असल्याचे लिहून देई, तो राजीनामा. पुढचा माणूस ती घेऊन सारा भरायचे पत्करी, ती कबुलायत. कागद जोडीने चालत.

‘पोट’ही सातबाऱ्याच्या ओळखीचा: पोटहिस्सा, पोटखराबा. पोटनिवडणुकीतही तसेच आहे. निवडून येणाऱ्याला नवी पाच वर्षे नव्हे, आधीच्या मुदतीतला उरलेला तुकडाच मिळतो.

1974 मध्ये शब्दातला ‘राजी’ पुन्हा महत्त्वाचा ठरला. गुजरातेत नवनिर्माण आंदोलनात आमदारांना घेराव घालून राजीनामे लिहून घेतले जात होते. तोवर अध्यक्षांच्या नावे सहीचे पत्र पुरे असे. त्याच वर्षीच्या 33 व्या घटनादुरुस्तीने राजीनामा स्वीकारला जाणे आवश्यक केले, आणि तो स्वेच्छेचा व खरा वाटला नाही तर अध्यक्षांनी स्वीकारू नये असे बजावले. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. धाकाने घेतलेल्या कागदाला राजीनामा म्हणायचेच कसे? जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर मात्र हे बंधन नाही.

कबुलायत आता मतदाराच्या हाती आहे. 2005 मध्ये नारायण राणे यांनी शिवसेनेतून बाहेर पडल्यावर आमदारकी सोडली आणि काँग्रेसकडून पोटनिवडणूक लढवली. मालवणने त्यांनाच पुन्हा निवडले. 2019 मध्ये उदयनराजे भोसले यांनी मे महिन्यात जिंकलेली साताऱ्याची खासदारकी काही महिन्यांत सोडली आणि भाजपकडून ते पुन्हा उभे राहिले. ऑक्टोबरात साताऱ्याने ती जागा श्रीनिवास पाटील यांच्या नावे केली.