तक्रारीचा पत्ता
हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात. जुन्या आकड्यांवर यंदाचे पीक ठरत नाही. इंटरनेटच्या नोंदवहीलाही हाच नियम लागू पडतो.

कोणता आयपी पत्ता कोणाला दिला, याची नोंद आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनची एपनिक ही संस्था आणि भारतात निक्सी या संस्थेची आयआरआयएनएन ठेवतात. त्या पत्त्यावरून स्पॅम किंवा हल्ला आला तर तक्रार कुठे करायची, तो ईमेलही तिथेच असतो. एपनिकने २०१० मध्ये तो सक्तीचा केला. पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा ईमेल तसाच राहिला, की तक्रार कोणी वाचत नाही आणि हल्ला चालूच राहतो. म्हणून २०१९ पासून एपनिक दर ६ महिन्यांनी तो तपासते. त्या तपासणीला नेटवर्क चालवणाऱ्याला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते.

नेटवर्क चालवणाऱ्यांनी हा ईमेल व्यक्तीच्या नव्हे, विभागाच्या नावे ठेवावा.