कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप की ईमेल? कोणता निरोप कशाने पाठवायचा

तुमच्या फोनमधून निरोप पाठवायचे किती मार्ग आहेत, एकदा मोजून बघा. साधा कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्रामचा डीएम, टेलिग्राम, ईमेल, व्हिडिओ कॉल... माझ्या फोनमध्ये नऊ निघाले. तरीही आपण जवळपास सगळं एकाच हिरव्या ॲपमध्ये कोंबतो. मीही तेच करायचो आणि त्यात माझे ४० हजार रुपये अडकले.

झालं असं की पुण्यातली भाड्याची खोली सोडताना डिपॉझिटचं सगळं बोलणं मी व्हॉट्सॲपवर केलं. "रंगाचे पैसे कापणार नाही, महिनाअखेर पूर्ण रक्कम देतो," असं घरमालकांनी चक्क लिहून दिलं होतं. महिना संपला, दुसरा सुरू झाला, आणि काका म्हणाले, "मी असं कधी म्हटलंच नाही." पुरावा दाखवायला चॅट उघडली तर मेसेज गायब! त्यांनी ते डिलीट केले नव्हते. चॅटला डिसअपीअरिंग मेसेजची ७ दिवसांची मुदत लागलेली होती. दोघांच्या चॅटमध्ये हे सेटिंग कोणीही एक जण सुरू करू शकतो. तशी बारीक अक्षरातली सूचनाही चॅटमध्ये आली असणार, मी ती वाचली नव्हती.

पैशांचं पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्यानंतर मी प्रत्येक माध्यम आतून कसं चालतं हे नीट समजून घेतलं. कोणतं ॲप भारी हा प्रश्नच मी सोडून दिला. आता निरोप पाठवण्याआधी दोन गोष्टी बघतो: हा निरोप किती लवकर पोहोचायला हवा, आणि पोहोचल्यानंतर तो किती दिवस टिकायला हवा.

साधा कॉल

कॉल सगळ्यात वेगवान, कारण समोरचा माणूस त्याच क्षणी उत्तर देतो. पण त्यासाठी दोघंही एकाच वेळी मोकळे हवेत. आणि फोन ठेवला की मागे फक्त नंबर, वेळ आणि किती मिनिटं बोललात एवढंच उरतं. काय ठरलं, याची कुठेच नोंद नसते.

कॉलचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो नुसता वाजला तरी काहीतरी सांगतो. आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, दारात तारवाला दिसला की पाकीट फोडायच्या आधीच काळजात धस्स व्हायचं. आज रात्री दोनला वाजणारा फोन तेच काम करतो. म्हणून अपघाताची किंवा कुणी गेल्याची बातमी आधी फॅमिली ग्रुपवर टाकू नका. जवळच्या चार माणसांना फोन करा, मग ग्रुपवर लिहा. सख्ख्या काकूला ही बातमी 'गुड मॉर्निंग'च्या फुलांच्या खाली सापडणं फार वाईट.

भांडण मिटवायचं असेल तरीही कॉलच. लेखी राग स्क्रीनशॉट होऊन फिरतो.

एसएमएस: म्हातारा, पण दांडगा

"एसएमएस आता कोण वापरतं?" असं म्हणणाऱ्यांना बँकेचा ओटीपी कशाने येतो ते विचारा. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून पाठवला. मजकूर होता 'मेरी ख्रिसमस'. त्यामागचं तंत्र आजही बरंचसं तसंच आहे आणि तीच त्याची ताकद आहे.

एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तुमचा मेसेज आधी कंपनीच्या एसएमएस केंद्रात जातो. समोरचा फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर तिथे काही काळ थांबतो आणि फोन रेंजमध्ये आला की पोहोचतो. म्हणजे घाटात एखादी काडी येते-जाते, कॉल लागत नाही, व्हॉट्सॲपचं घड्याळ फिरतच राहतं, अशा वेळी "गाडी बंद पडली, आम्ही ठीक आहोत, रात्र होईल" एवढा एसएमएस निघून जाऊ शकतो. त्याला सलग रेंज लागत नाही, क्षणभर मिळाली तरी पुरते. ट्रेकला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. मात्र जीव धोक्यात असेल तर आधी ११२ लावा, घरच्यांना नंतर कळवा.

मराठीत एसएमएस लिहिणाऱ्यांसाठी एक गंमत. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त वेगवेगळे मोजले जातात. 'स्त्री' हा आपल्याला एकाक्षरी शब्द वाटतो, पण फोन तिथे ६ चिन्हं मोजतो! ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हं, आणि पॅकमधले तितके एसएमएस कमी होतात. तेव्हा मराठीत लिहा, पण तारेसारखं आटोपशीर लिहा.

एसएमएसची कमजोरीही मोठी आहे. तो एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो, त्यामुळे पासवर्ड वगैरे त्यावर पाठवू नका. शिवाय फसवणुकीचे मेसेज याच वाटेने येतात. बँक आणि कंपन्यांचे मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाहीत, अक्षरांच्या नावाने येतात. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर दिसू लागलं आहे: जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी मेसेजसाठी जी. "तुमचं वीज कनेक्शन आज रात्री कापलं जाईल" असं कुठल्या तरी मोबाइल नंबरवरून आलं, तर मजकूर वाचायच्या आधीच ते खोटं समजा.

(२०२३ मध्ये अनेकांचे फोन एकदम जोरात वाजले होते आणि स्क्रीनवर सरकारचा चाचणी संदेश आला होता, आठवतं? तो एसएमएस नव्हता. त्याला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदाच ओरडून सांगतो, त्याला कुणाचा नंबर लागत नाही. त्यामुळे नेटवर्कवर गर्दी असली तरी इशारा पोहोचतो.)

व्हॉट्सॲप आणि त्याची भावंडं

इथे तुम्हाला वापर शिकवायची गरज नाही. लोकेशन, फोटो, पाच जणांनी मिळून सिनेमाची वेळ ठरवणं, यासाठी चॅटसारखं दुसरं काही नाही. २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मजकूर मधल्या कुणालाही वाचता येत नाही. टेलिग्राम मात्र वेगळं आहे. त्याची नेहमीची चॅट कंपनीच्या सर्व्हरवर राहते. फक्त 'सीक्रेट चॅट' सुरू केली तरच तसं एन्क्रिप्शन मिळतं. बरेच जण नेमकं उलटं समजतात.

आता टिकांबद्दल. एक टिक म्हणजे मेसेज तुमच्याकडून गेला, पण त्यांच्या फोनवर अजून पोहोचला नाही. फोन बंद असेल, नेट नसेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलेलं असेल. दोन करड्या टिका म्हणजे फोनपर्यंत पोहोचला. निळ्या झाल्या म्हणजे चॅट उघडली गेली. बस्स, एवढंच. निळी टिक म्हणजे "वाचलं, समजलं, मान्य आहे" असं नाही, आणि निळी झाली नाही म्हणजे वाचलं नाही असंही नाही, कारण ती बंद ठेवता येते.

माझी चूक झाली ती टिकण्याच्या बाबतीत. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं दगडावर कोरलेलं नसतं. पाठवणारा १५ मिनिटांत मजकूर बदलू शकतो, दोन दिवसांपेक्षा थोड्या जास्त वेळापर्यंत सगळ्यांकडून काढून टाकू शकतो, आणि डिसअपीअरिंग सुरू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी सगळं आपोआप जातं. असा एखादा मेसेज दाबून धरून 'कीप' करता येतो, पण मूळ पाठवणाऱ्याला तेही रद्द करता येतं.

अजून एक चूक विद्यार्थी नेहमी करतात. मार्कशीटचा फोटो साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्याची साइज कमी करतं. मग बारीक अक्षरं फुटतात आणि फॉर्म परत येतो. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, जसाच्या तसा जाईल. २ जीबीपर्यंतची फाइल चालते.

व्हॉइस नोट आजीसाठी उत्तम. पत्ता आणि खाते क्रमांकासाठी कृपया नको. व्हिडिओ कॉल काहीतरी डोळ्यांनी बघायचं असेल तेव्हाच, म्हणजे मुलाखत किंवा बिघडलेल्या गीझरचा नेमका कुठला दिवा पेटतोय ते.

ईमेल

माझ्या वयाच्या मुलांना ईमेल म्हणजे लॉग-इन करण्यापुरती गोष्ट वाटते. पण १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने एका कॉम्प्युटरवरून शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मेल पाठवला आणि नाव व पत्ता वेगळे करायला ॲटचं चिन्ह निवडलं, तेव्हापासून त्याचा एक गुण टिकून आहे. ईमेल कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचा नाही. तुमचं जीमेल, त्यांच्या ऑफिसचं स्वतःचं खातं, सगळ्यांचं एकमेकांशी जमतं.

आणि मेल गेला की गेला. जीमेलमधलं 'अनडू' कॉम्प्युटरवर जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतं, कारण तेवढा वेळ मेल मुळात निघालेलाच नसतो. त्यानंतर त्याची एक प्रत तुमच्याकडे, एक समोरच्याकडे, तारीख-वेळेसकट. समोरच्याला तुमच्या 'सेंट'मधली प्रत पुसता येत नाही. नोकरीचा अर्ज, कॉलेजची तक्रार, पैशांचा व्यवहार, राजीनामा यासाठी मेल वापरायचा तो याचसाठी.

तोटा असा की मेल पोहोचला की नाही ते कळत नाही. तो स्पॅममध्ये पडतो, किंवा लोक आठवडाभर इनबॉक्सच उघडत नाहीत. म्हणून विषयाच्या ओळीत 'हाय' लिहू नका, काम लिहा. फाइल २५ एमबीच्या आत ठेवा. आणि शंभर जणांना एकच मेल पाठवताना सगळे पत्ते 'टू'मध्ये टाकू नका, नाहीतर प्रत्येकाचा पत्ता प्रत्येकाला मिळतो. ते 'बीसीसी'मध्ये टाकायचे.

माझ्या डिपॉझिटचं काय झालं

भाडेकराराच्या कागदावर काकांचा ईमेल होता. मी त्यावर सविस्तर लिहिलं: खोली कधी घेतली, कधी सोडली, किती रक्कम दिली, काय ठरलं होतं. सोबत करार, डिपॉझिट भरल्याची बँकेची नोंद आणि रूममेटच्या चॅटचा स्क्रीनशॉट जोडला. त्यालाही तसाच मेसेज आला होता आणि त्याच्या चॅटवर ती मुदत नव्हती. शेवटी एक ओळ: "यात काही चुकीचं असेल तर चार दिवसांत कळवा." मग लगेच फोन केला, "काका, मेल केलाय, बघून घ्या." लिहिणं मेलवर, ते बघायला लावणं फोनवर. बारा दिवसांनी ३४ हजार आले. रंगाचे ६ हजार कापलेच. रूममेटला लिहिलेलं मलाही लागू होतं, हे माझ्याकडून सिद्ध होण्यासारखं नव्हतं.

कोर्ट काय म्हणतं, हा प्रश्न हमखास येतो. मी वकील नाही, पण दोन गोष्टी सार्वजनिक आहेत. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुलीच्या प्रकरणात व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस ग्राह्य धरली, कारण ती उघडल्याचं टिकांवरून दिसत होतं. दुसरीकडे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की आरोपीने हजर राहावं म्हणून काढलेली नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲपवर बजावू नये. त्यामुळे खाकी कपड्यातला कुणी व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणाला, तर फोन ठेवा. असा काही प्रकार कायद्यातच नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट आणि तो फोन जपून ठेवा.

पैशांचं बोलणं व्हॉट्सॲपवरच करावं लागलं तर आधी चॅटच्या वरच्या नावावर टॅप करून डिसअपीअरिंग मेसेज बंद आहे का ते बघा. बोलणं संपलं की तीन टिंबं, मग 'मोअर', मग 'एक्स्पोर्ट चॅट', आणि ती फाइल स्वतःलाच मेल करा. समोरच्याने 'ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' सुरू केली असेल तर एक्स्पोर्ट होणार नाही. अशा वेळी जे ठरलं ते त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा.