रझाकार आणि युद्धनियम

रझाकार : हैदराबाद संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची सशस्त्र स्वयंसेवक संघटना. लातूर येथे वकिली करणारा कासीम रझवी हा तिचा सर्वाधिकारी होता. नांदेड जिल्ह्यातील अर्जापूर (ता. बिलोली) येथे १९४६ मध्ये स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे रझाकारांच्या हल्ल्यात मारले गेले. पुढील दोन वर्षांत मराठवाड्यातील अनेक गावांत लूट व जाळपोळ झाली.

अशा संघटनेच्या सदस्याला ठार मारणे केव्हा वैध ठरते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील वादग्रस्त प्रश्न होय. हेग नियमावलीनुसार (१९०७) जबाबदार नायक, दुरून ओळखता येणारे चिन्ह, उघडपणे बाळगलेली शस्त्रे व युद्धनियमांचे पालन या चार अटी पाळणाऱ्या स्वयंसेवक दलास युद्धमान पक्षाचा दर्जा मिळतो. पहिल्या तीन अटी रझाकार बव्हंशी पूर्ण करीत. चौथी त्यांनी उघडउघड मोडली. तथापि ही नियमावली राष्ट्राराष्ट्रांतील युद्धापुरती होती. निजाम सरकारने ऑगस्ट १९४८ मध्ये सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. भारताने मात्र हा अंतर्गत प्रश्न मानला आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या लष्करी मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हटले. हे नाव घेतले, की त्याची बंधनेही येतात : पकडलेल्यास न्यायालयापुढे उभे करावे लागते. रझवीच्या बाबतीत तसेच घडले. खटला चालून त्यास कारावास झाला. १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

त्याच्या लातुरात मात्र निःशस्त्र माणसे मारली गेली. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालानुसार, त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेल्या या शहरात हत्याकांड वीस दिवसांहून अधिक काळ चालले व हजारांवर मुसलमान मारले गेले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. संस्थानातील एकूण बळींचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे. काही ठिकाणी लष्कर व पोलीस यांतील लोकांचाही सहभाग तिने नोंदविला. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड ज्यांच्यावर उगविला गेला, त्यांतील बहुसंख्य रझाकार नव्हतेच.

अंतर्गत संघर्षात निःशस्त्र वा शरण आलेल्या व्यक्तीस संरक्षण देणारे, जिनीव्हा करारांतील समान कलम ३ वर्षभरानंतर, १९४९ मध्ये आले. संघर्षात प्रत्यक्ष भाग घेत असेल तेवढ्याच काळापुरते नागरिकाचे संरक्षण संपते, हे तत्त्व १९७७ च्या दुसऱ्या अतिरिक्त मसुद्यात शब्दबद्ध झाले. भारताने १९५० मध्ये जिनीव्हा करारांना मान्यता दिली. १९७७ चा मसुदा मात्र स्वीकारलेला नाही.