शिळ्या बातमीचा प्रश्न : मनोऱ्याविना चालणाऱ्या जाळ्यांची कथा

१/ २७ ऑगस्ट १९७६. कॅलिफोर्नियातील पोर्टोला व्हॅली येथील ‘रोसॉटीज’ या बिअर गार्डनबाहेर एक अवजड व्हॅन येऊन थांबली. आत रेडिओ यंत्रणा होती आणि सोबत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटचे संशोधक. त्यांनी बाहेरच्या लाकडी टेबलावर टर्मिनल मांडले, त्याची तार व्हॅनला जोडली आणि आपला साप्ताहिक अहवाल पाठवला. तो आधी रेडिओच्या जाळ्यातून व नंतर तारांच्या अर्पानेटमधून गेला. दोन भिन्न जाळी ओलांडणारा हा संदेश इंटरनेटच्या इतिहासात आवर्जून नोंदवला जातो. त्या रेडिओ जाळ्याच्या पोटातील प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही.

२/ या प्रयोगाला पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेचा होता. रणांगणावर तारा टाकता येत नाहीत आणि मनोरा उभारला तर तोच शत्रूचे पहिले लक्ष्य ठरतो. म्हणून प्रत्येक रेडिओने दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलावा, अशी कल्पना होती. हवाई विद्यापीठातील नॉर्मन अब्रॅमसन यांच्या ‘अलोहानेट’ने १९७१ मध्ये पॅकेट हवेतून पाठवून दाखवले होते; पण तेथे सारे टर्मिनल एकाच केंद्राशी बोलत. पॅकेट रेडिओला अनेक टप्पे ओलांडायचे होते, तेही टप्पे स्वतः हलत असताना.

३/ आरंभी मार्ग ठरवण्याचे काम एका मध्यवर्ती स्थानकाकडे होते. युद्धासाठी बांधलेल्या जाळ्याला हे परवडणारे नव्हते. स्थानक गेले की सगळेच मुके. पुढील आवृत्त्यांत ही जबाबदारी सर्व रेडिओंवर वाटली गेली. प्रत्येक रेडिओ दर साडेसात सेकंदांनी आपले अस्तित्व व आपल्याला ठाऊक असलेली अंतरे शेजाऱ्यांना कळवू लागला. ही पद्धत नवी नव्हती. १९५० च्या दशकातील बेलमन आणि फोर्ड यांच्या गणितावर ती उभी होती, आणि सुरुवातीचे अर्पानेटही त्याच तत्त्वावर चाले.

४/ तिच्यातील खोट समजून घेण्यासारखी आहे. क, ख, ग असे तीन रेडिओ ओळीत आहेत. ग हा ख पासून एक टप्पा आणि क पासून दोन टप्पे दूर. ख आणि ग यांचा दुवा तुटतो. ख ला ते कळते; पण त्याच क्षणी क ची जुनी बातमी येते, “ग माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे.” ख ती खरी मानतो आणि ‘तीन’ असे जाहीर करतो. ते ऐकून क ‘चार’ म्हणतो, मग ख ‘पाच’. दोघेही प्रामाणिक, दोघेही एकमेकांच्या शिळ्या बातमीवर विसंबलेले. ग साठी निघालेली पॅकेट दोघांमध्ये येरझारा घालत राहतात. तारेच्या जाळ्यात दुवा क्वचित तुटतो, म्हणून हे निभावते. चालत्या गाड्यांच्या जाळ्यात दुवे सततच तुटत असतात.

५/ उत्तर आले १९९४ मध्ये, चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांच्या निबंधातून. (हेच भागवत पुढे ‘एअरटाइट नेटवर्क्स’चे सहसंस्थापक झाले, त्या कंपनीचे संशोधनकार्य पुण्यात चाले.) त्यांच्या ‘डीएसडीव्ही’ पद्धतीत प्रत्येक बातमीवर क्रमांक असतो आणि तो वाढवण्याचा अधिकार ज्याच्याविषयी बातमी आहे त्याचाच. ग स्वतः नेहमी सम क्रमांक देतो. दुवा तुटल्याचे पाहणारा शेजारी पुढचा विषम क्रमांक लावून ‘अंतर अनंत’ असे कळवतो. मोठा क्रमांक तो खरा. क ची जुनी बातमी आपोआप बाद होते. ग पुन्हा संपर्कात आला की त्याचा नवा सम क्रमांक ती विषम बातमीही पुसून टाकतो. एवढासा अंक, पण वर्षानुवर्षांची गाठ त्याने सोडवली.

६/ तरी एक खर्च उरलाच. कोणी कोणाशी बोलत नसतानाही बातम्या फिरत राहतात आणि बॅटरी संपत जाते. डेव्हिड जॉन्सन यांनी १९९४ मध्येच उलटा विचार मांडला : गरज पडेल तेव्हाच मार्ग विचारावा. त्यातून ‘डीएसआर’ घडली. तिच्यात पॅकेट आपला संपूर्ण मार्ग सोबत वाहून नेते. १९९९ मध्ये पर्किन्स आणि एलिझाबेथ रॉयर यांनी मागणीनुसार शोध आणि डीएसडीव्हीचे क्रमांक एकत्र आणले. तीच ‘एओडीव्ही’. तिची किंमत वेगळी : पहिल्या पॅकेटला मार्ग सापडेपर्यंत थांबावे लागते, आणि प्रत्येक शोध म्हणजे जाळ्यात उठवलेली दवंडीच.

७/ कोणती पद्धत सरस, याची गाजलेली तुलना १९९८ ची. पन्नास रेडिओ, १५०० बाय ३०० मीटरचे क्षेत्र आणि त्यात मनाला येईल तिकडे भटकणारी माणसे. हे सारे संगणकातले. वेग वाढताच डीएसडीव्ही कोलमडली, मागणीनुसार चालणाऱ्या पद्धती टिकल्या. पण खरी माणसे अशी भटकत नाहीत, आणि भिंती रेडिओलहरी अडवतात. त्या आकड्यांवर नंतर जितका विश्वास टाकला गेला, तितका ते पेलू शकत नव्हते.

८/ मोठा धक्का गणिताने दिला. पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये दाखवून दिले की, एका जागी स्थिर असलेल्या अशा जाळ्यातही रेडिओ जसजसे वाढतात तसतसा प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जातो. हवा सामायिक आहे आणि प्रत्येकाला दुसऱ्यांचीही ओझी वाहायची आहेत. मार्ग कितीही हुशारीने निवडला तरी ही घट टळत नाही.

९/ एओडीव्ही आणि फ्रान्समधून आलेली ‘ओएलएसआर’ या दोन्ही २००३ मध्ये इंटरनेटच्या दस्तऐवजांत नोंदल्या गेल्या, त्याही ‘प्रायोगिक’ या शिक्क्यासह. रणांगणासाठी जन्मलेली ही विद्या पुढे घरांतल्या दिव्यांपर्यंत पोहोचली; झिगबीची मार्गनिवड एओडीव्हीच्याच वंशातली. बर्लिनच्या छपरांवर ‘फ्रायफुंक’च्या स्वयंसेवकांनी ओएलएसआर चालवून पाहिली, तेव्हा प्रत्येक राउटरने साऱ्या शहराचा नकाशा मांडत बसणे त्यांना जड गेले. त्यांनी ‘बॅटमॅन’ नावाची नवी पद्धत रचली. तिच्यात कोणाकडेही नकाशा नसतो. दूरच्या राउटरची हाक कोणत्या शेजाऱ्याकडून अधिक वेळा ऐकू येते, एवढेच प्रत्येक जण मोजतो आणि पॅकेट त्याच्याकडे सोपवतो.